डेप्थ ऑफ फील्ड: काय स्पष्ट हवे ते आधी ठरवा

कॅमेऱ्याची लेन्स एका वेळी एकाच अंतरावर काटेकोर फोकस करू शकते. त्या अंतराच्या थोडे अलीकडचे आणि थोडे पलीकडचे जेवढे आपल्या डोळ्यांना पुरेसे स्पष्ट वाटते, तेवढ्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा कधी एक मिलिमीटरही भरत नाही, तर कधी पायाजवळच्या गवतापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत पसरतो. नवा कॅमेरा घेतलेल्या बहुतेकांना अ‍ॅपर्चरचा आकडा लहान केला की मागचे धूसर होते, एवढे पहिल्या काही दिवसांतच समजते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण पुढे कितीतरी दिवस प्रत्येक चित्र त्याच सर्वांत लहान आकड्यावर काढले जाते. या लेखातली पद्धत उलट्या बाजूने जाते. चौकटीत कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट दिसायला हवे, हे आधी ठरवायचे. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कोणती लेन्स वापरायची, हे त्यानंतर. आणि अ‍ॅपर्चरचा आकडा सर्वांत शेवटी निवडायचा.

पट्टा कशाने रुंदावतो आणि कशाने आक्रसतो

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले उघडझाप होणारे छिद्र. लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला) त्या छिद्राच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो, तो एफ आकडा. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ ठेवले तर छिद्र २५ मिमीचे असते आणि एफ/८ ठेवले तर सुमारे ६ मिमीचे. आकडा वाढला की छिद्र लहान होते, हे सुरुवातीला गोंधळात टाकते, पण भागाकार लक्षात ठेवला की गोंधळ उरत नाही. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही एफ आकड्यांची ठरलेली माळ पाठ करून ठेवावी. तिच्यातल्या प्रत्येक पायरीवर आत येणारा प्रकाश निम्मा होतो. छिद्र लहान झाले की पट्टा का वाढतो, याचे कारण सोपे आहे. फोकसच्या अंतरावर नसलेला प्रत्येक बिंदू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावर, बिंदू म्हणून न उमटता छोट्या चकतीसारखा उमटतो, आणि छिद्र जितके लहान तितका प्रकाशाचा झोत निमुळता असल्याने ती चकतीही लहान राहते. चकती पुरेशी लहान असेल तर डोळा तिला बिंदूच समजतो.

दुसरा घटक म्हणजे अंतर, आणि माझ्या मते शिकणाऱ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष याच घटकाकडे होते. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमीचा सेन्सर असलेला) कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि एफ/१.८ हे अ‍ॅपर्चर अशी जोडी घेतली, तर एक मीटरवरच्या व्यक्तीवर फोकस केल्यास स्पष्टतेचा पट्टा सुमारे ४ सेंटीमीटर मिळतो. तीच व्यक्ती दोन मीटरवर असेल तर तो सुमारे १७ सेंटीमीटर होतो आणि चार मीटरवर असेल तर सुमारे ७० सेंटीमीटर. अंतर दुप्पट झाले की पट्टा जवळजवळ चौपट होतो. म्हणून मागचे धूसर होत नाही अशी तक्रार असताना महागडी लेन्स घेण्याआधी दोन पावले पुढे जाऊन पाहावे, आणि चेहऱ्याचा अर्धा भाग फोकसबाहेर जात असेल तर अ‍ॅपर्चरला हात लावण्याआधी दोन पावले मागे सरकावे.

तिसरा घटक फोकल लेंग्थ. तिच्याविषयी एक समज फार पसरलेला आहे, तो म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्सचा पट्टा नेहमी अरुंद असतो. एकाच जागी उभे राहून लेन्स बदलली तर हे खरे आहे. पण व्यक्ती चौकटीत तेवढीच मोठी ठेवली तर चित्र बदलते. ५० मिमी लेन्सने दोन मीटरवरून एफ/४ वर काढलेल्या आणि १०० मिमी लेन्सने चार मीटरवरून एफ/४ वर काढलेल्या, अशा दोन्ही चित्रांत पट्टा जवळपास सारखाच, म्हणजे सुमारे ३८ सेंटीमीटर भरतो. तरीही १०० मिमीच्या चित्रातली पार्श्वभूमी अधिक मऊ आणि विरघळल्यासारखी दिसते, कारण लांब लेन्स मागच्या वस्तू मोठ्या करून दाखवते आणि त्यांच्यासोबत त्यांचा धूसरपणाही मोठा होतो. पट्ट्याची रुंदी आणि पार्श्वभूमीचा धूसरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक एकदा मनात पक्का बसला की लेन्स निवडताना होणारी निम्मी गफलत टळते.

चौथा घटक सेन्सरचा आकार आणि चित्र किती मोठे करून पाहिले जाणार, हा आहे. ‘पुरेसे स्पष्ट’ हे मोजमाप शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. फुल फ्रेम सेन्सरवर सुमारे ०.०३ मिमी व्यासाची चकती बिंदूसारखी दिसते असे धरून प्रचलित तक्ते तयार होतात, क्रॉप सेन्सरसाठी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरसाठी, तीच मर्यादा सुमारे ०.०२ मिमी धरली जाते, आणि या दोन्हीमागे साधारण आठ बाय दहा इंचांचा प्रिंट हातात धरून पाहण्याची कल्पना आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिले तर तोच पट्टा बराच अरुंद भासतो. प्रदर्शनासाठी मोठा प्रिंट काढायचा असेल, तर तक्त्याने किंवा मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरने सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक पायरी पुढचा एफ आकडा घेणे हिताचे असते.

टेबलावरचा अभ्यास

हे सगळे वाचून समजते, पण हाताला वळण लागत नाही. त्यासाठी घरातच एक अभ्यास करावा. शिवणकामाची मोजपट्टी टेबलावर सरळ पसरावी, टेबलाच्या एका कडेला ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा असा ठेवावा की लेन्स पट्टीच्या दिशेनेच, थोडीशी वरून पाहील, आणि लेन्सपासून साधारण ६० सेंटीमीटरवर असलेल्या एखाद्या ठळक आकड्यावर फोकस करावा. कॅमेऱ्याची कळ अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण निवडायचे, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो), म्हणजे निकॉन आणि सोनीच्या कॅमेऱ्यांवर ‘ए’ आणि कॅननच्या कॅमेऱ्यांवर ‘एव्ही’ या खुणेवर ठेवावी. फोकस एकदा झाल्यावर मॅन्युअलवर टाकावा, म्हणजे तो पुढच्या चित्रांत हलणार नाही. मग लेन्सच्या सर्वांत लहान एफ आकड्यापासून एफ/१६ पर्यंत एकेक पायरी चढत चित्रे काढावीत आणि प्रत्येक चित्रात पट्टीवरचे कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंतचे भाग नीट वाचता येतात, ते वहीत लिहावे.

क्रॉप सेन्सर आणि ५० मिमीची लेन्स असेल तर एफ/१.८ वर जेमतेम एक सेंटीमीटर, एफ/८ वर सुमारे चार सेंटीमीटर आणि एफ/१६ वर आठ सेंटीमीटरच्या आसपास पट्टा मिळायला हवा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीवर लावून एफ/५.६ ठेवल्यास तो अडीच सेंटीमीटरच्या आत राहील. या अभ्यासात आणखी एक गोष्ट नजरेस येते, ती म्हणजे पट्टा फोकसच्या पुढे आणि मागे जवळपास सारखाच पसरलेला असतो. एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे, असा जो नियम सर्रास सांगितला जातो, तो प्रत्यक्षात एका विशिष्ट अंतरालाच लागू पडतो. जवळच्या वस्तूंसाठी वाटणी निम्मी-निम्मी असते आणि अंतर वाढत जाते तसा मागचा वाटा वाढत जाऊन शेवटी अनंतापर्यंत पोहोचतो.

त्यानंतर कॅमेरा पट्टीपासून दुप्पट दूर नेऊन तीच मालिका पुन्हा काढावी. अंतराचा परिणाम अ‍ॅपर्चरपेक्षा किती जोरकस आहे, हे त्या दोन पानांची तुलना करताना जितके पटते तितके कोणत्याही स्पष्टीकरणाने पटत नाही.

डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून आपण नेहमी पूर्ण उघड्या छिद्रातून पाहत असतो, त्यामुळे एफ/११ निवडले तरी डोळ्यांना दिसते ते एफ/१.८ किंवा एफ/३.५ चेच दृश्य. अनेक कॅमेऱ्यांवर लेन्सच्या माउंटजवळ डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचे बटण असते. ते दाबले की छिद्र निवडलेल्या आकड्यापर्यंत मिटते, दृश्य काळवंडते, आणि खरा पट्टा दिसतो. हे बटण वर्षानुवर्षे न दाबणारे पुष्कळ असतात. त्याची सवय लावून घ्यावी, आणि बटण नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र मोठे करून तपासावे.

माणसाचे चित्र

व्यक्तिचित्रात फोकस डोळ्यावर हवा, आणि चेहरा किंचित वळलेला असेल तर कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. ८५ मिमीच्या लेन्सने फुल फ्रेमवर दीड मीटरवरून एफ/१.८ ठेवले तर पट्टा सुमारे तीन सेंटीमीटरचा असतो. एवढ्यात पापण्या स्पष्ट राहतात, पण कान निश्चित जातो आणि नाकाचा शेंडाही जाऊ शकतो. काही चित्रांना ते शोभतेही, पण नऊवारी नेसलेल्या, नथ आणि कानातल्या कुड्या घातलेल्या आजीचे चित्र काढायचे असेल तर तिचे दागिने आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हाच त्या चित्राचा विषय असतो; तिथे एफ/४ किंवा एफ/५.६ वर जावे. छिद्र किती उघडता येते यावर छायाचित्रकाराची योग्यता ठरत नाही, हे मी आग्रहाने सांगेन, कारण अलीकडे धूसर पार्श्वभूमी हीच चांगल्या छायाचित्राची खूण मानली जाऊ लागली आहे. जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसामागचा खांब, कोनाडा आणि भिंतीवरचा देव्हारा पूर्ण पुसून टाकला, तर तो माणूस कुठेही बसलेला असू शकतो.

इतक्या अरुंद पट्ट्यात एक जुनी सवय घात करते. मधल्या फोकस बिंदूने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायची, ही पद्धत एफ/८ वर खपून जाते. स्पष्टतेचा पट्टा मात्र कॅमेऱ्यासमोर काचेच्या तावदानासारखा सेन्सरला समांतर उभा असतो. कॅमेरा वळला की तावदानही वळते आणि डोळा त्याच्या अलीकडे राहून जातो. म्हणून आधी चौकट जुळवावी आणि मग फोकस बिंदू डोळ्यावर सरकवावा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो वापरावा.

ज्यांच्याकडे फक्त १८-५५ ची किट लेन्स आहे, त्यांनी धूसर पार्श्वभूमी आपल्याला मिळणारच नाही असे मानू नये. लेन्स ५५ मिमीवर न्यावी, व्यक्तीच्या सव्वा मीटरपर्यंत जवळ जावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यक्तीला भिंतीपासून दूर आणावे. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसामागचा रंग उडालेला पोपडा एफ/५.६ वर स्पष्ट उमटतो. तोच माणूस चार-पाच मीटर पुढे आला की पोपडा निव्वळ रंगाचा पोत होऊन मागे राहतो. या बदलाला पैसा लागत नाही. फक्त समोरच्या माणसाला जागा बदलायची विनंती करावी लागते, आणि ती करण्याचा संकोच आपण सोडायला हवा.

समूहाच्या चित्राचा हिशेब वेगळा आहे. लग्नात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन रांगा उभ्या असतात आणि पहिल्या व तिसऱ्या रांगेत साधारण सव्वा मीटरचे अंतर पडते. फुल फ्रेमवर ५० मिमीच्या लेन्सने चार मीटरवरून एफ/१.८ ठेवले तर मधल्या रांगेच्या पुढे सुमारे ३२ आणि मागे सुमारे ३८ सेंटीमीटर एवढेच स्पष्ट राहील, म्हणजे पुढची आणि मागची अशा दोन्ही रांगा हातच्या जातील. एफ/५.६ वर पुढे सुमारे ८५ सेंटीमीटर आणि मागे जवळपास दीड मीटर मिळते. तेव्हा मधल्या रांगेतल्या चेहऱ्यावर फोकस करावा, एफ/५.६ ते एफ/८ ठेवावे, आणि मंडपात प्रकाश कमी पडला तर अ‍ॅपर्चर उघडण्यापेक्षा आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा. चित्रातली बारीक खरखर नातेवाईक माफ करतात, पण धूसर उमटलेली मावशी माफ करीत नाही, आणि तिचे बरोबरच असते.

गर्दीत चालताना

आषाढी वारीत दिंडीसोबत चालताना किंवा गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत ऑटोफोकसला दर क्षणी नवे काही पकडावे लागते, आणि मध्येच कुणाचा हात किंवा पताका आली की तो तिकडे धावतो. अशा वेळी जुन्या वृत्तपत्र छायाचित्रकारांची रीत आजही उपयोगी पडते. क्रॉप सेन्सरवर लेन्स २४ मिमीवर लावावी, एफ/८ ठेवावे, तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर फोकस करून तो मॅन्युअलवर टाकावा. आता सुमारे १ मीटर ६५ सेंटीमीटरपासून १५ मीटरच्याही पुढपर्यंतचे सगळे पट्ट्यात आले, आणि छायाचित्रकाराला फक्त चेहरे, हावभाव आणि क्षण यांकडे पाहायचे उरले. फुल फ्रेमवर ३५ मिमीची लेन्स असेल तर तीन मीटरवरच्या फोकसने एफ/८ वर सुमारे १.९ पासून ७ मीटरपर्यंतचा पट्टा मिळतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर तर एफ आकड्यांच्या जोड्या आणि अंतराचे आकडे समोरासमोर कोरलेले असतात. पट्टा कुठून कुठवर आहे, ते डोळा न लावता नुसते लेन्सकडे पाहून वाचता येते. नव्या लेन्सवरून हे कोरीवकाम बहुतेक नाहीसे झाले, याची मला खंत वाटते.

मात्र दर वेळी सगळे स्पष्ट ठेवणे हाही उपाय नव्हे. दिंडीतल्या शेकडो टोप्या, टाळ, तुळशीवृंदावने आणि मागच्या गाड्या असे सगळेच स्पष्ट असेल, तर नजर कुठे थांबायची तेच कळत नाही. अशा ठिकाणी लांब लेन्सने एकच चेहरा उचलावा, एफ/४ च्या आसपास ठेवावे, आणि पुढची-मागची गर्दी ओळखू येईल इतपतच मऊ होऊ द्यावी. गर्दी गर्दी म्हणून कळली पाहिजे आणि चेहरा चेहरा म्हणून, असा आकडा शोधण्यासाठी एकाच चौकटीची दोन-तीन वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरवर चित्रे काढून ठेवण्यात कमीपणा नाही.

कासच्या पठारावर

जवळचे आणि दूरचे दोन्ही एकाच चौकटीत हवे, ही मागणी सर्वांत जास्त होते ती निसर्गचित्रात, आणि तिच्यासाठी साताऱ्याजवळचे कासचे पठार ही उत्तम शाळा आहे. पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत कासचा समावेश आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. पुढे तेरड्याची गुलाबी फुले आणि मागे ढगांत शिरणारे डोंगर, असे दोन्ही स्पष्ट हवे असेल तर हायपरफोकल अंतर माहीत असावे लागते. एखाद्या लेन्सवर, एखाद्या एफ आकड्याला, ज्या किमान अंतरावर फोकस केल्याने पट्ट्याचे मागचे टोक अनंतापर्यंत पोहोचते, ते हायपरफोकल अंतर. तिथे फोकस केला की पट्ट्याचे पुढचे टोक बरोबर त्याच्या निम्म्या अंतरावर येते.

क्रॉप सेन्सरवर १८ मिमी आणि एफ/८ या जोडीचे हायपरफोकल अंतर सुमारे दोन मीटर आहे. म्हणजे दोन मीटरवर फोकस केल्यास एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट. एफ/११ वर ते दीड मीटरवर येते आणि पाऊण मीटरवरचे फूलही पट्ट्यात येते. इथे नवशिक्यांची नेहमीची गल्लत अशी, की डोंगर स्पष्ट हवा म्हणून ते फोकस डोंगरावर करतात. तसे केले तर एफ/८ वर दोन मीटरच्या अलीकडचे सगळे हातचे जाते आणि ज्या फुलांसाठी एवढा प्रवास केला तीच धूसर येतात. फोकस डोंगरावरही नको आणि सर्वांत पुढच्या फुलावरही नको. तो त्या दोहोंच्या मध्ये, गवतातल्या एखाद्या दगडावर करावा.

फूल अर्ध्या मीटरवर आले तर हिशेबाने एफ/१६ लागते, आणि इथे दुसरी मर्यादा आडवी येते. छिद्र फार लहान झाले की त्याच्या कडांवरून प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि त्यामुळे फोकसमध्ये असलेला बिंदूसुद्धा चकतीसारखा उमटतो. एफ/८ वर ही चकती सुमारे ०.०११ मिमीची असते, एफ/१६ वर ०.०२१ मिमीची आणि एफ/२२ वर जवळपास ०.०३ मिमीची. क्रॉप सेन्सरची मर्यादा ०.०२ मिमी धरली होती, हे आठवले की एफ/२२ वर चित्रातले सगळेच थोडे थोडे मऊ का येते, ते उलगडते. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी छायाचित्रकारांनी एकत्र येऊन आपल्या गटाला ‘एफ/६४’ असे नाव दिले, ते समोरपासून मागपर्यंतच्या लखलखीत स्पष्टतेच्या आग्रहातून. त्यांना तो आकडा परवडत होता, कारण त्यांच्या कॅमेऱ्यातली निगेटिव्ह आपल्या सेन्सरच्या कितीतरी पट मोठी असे आणि प्रिंट करताना ती फारशी मोठी करावी लागत नसे. क्रॉप सेन्सरवर आपण एफ/११ च्या पुढे नाइलाज असेल तरच जावे. त्याऐवजी ट्रायपॉड लावून एक चित्र फुलावर आणि दुसरे डोंगरावर फोकस करून काढावे आणि ती दोन्ही संगणकावर जोडावीत. अर्थात वारा थांबलेला असेल तरच.

पठारावर वारा सहसा थांबत नाही, त्यामुळे शटर स्पीडचाही विचार करावा लागतो. एफ/२.८ वरून एफ/११ वर आलो की चार पायऱ्या उतरतो आणि प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. आधी १/५०० सेकंद मिळत असेल तर आता १/३० च मिळेल आणि डोलणारे फूल त्यात हलून जाईल. फोकस बरोबर असूनही फूल धूसर दिसले, तर दोष पट्ट्याचा आहे की हालचालीचा, हे तपासावे. फुलाशेजारचा दगड स्पष्ट आणि फूल मात्र फराटल्यासारखे असेल, तर कारण वारा आहे, आणि तिथे अ‍ॅपर्चर आणखी मिटल्याने चित्र अधिकच बिघडेल.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. लांब लेन्स घेऊन वाटेच्या कडेलाच गुडघ्यावर बसावे, कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणावा आणि पुढच्या फुलांच्या फटीतून दोन मीटरवरच्या एकाच फुलावर फोकस करावा. २०० मिमी आणि एफ/५.६ ला पट्टा दोनच सेंटीमीटरचा मिळतो, त्यामुळे पुढची सोनकी पिवळ्या धुक्यासारखी आणि मागचा तेरडा गुलाबी धुक्यासारखा पसरतो आणि मध्ये ते एकच फूल उरते. यासाठी वाट सोडून फुलांत पाय टाकण्याची गरज पडत नाही, आणि तो टाकूही नये. आपल्या एका चित्रासाठी तुडवलेली रोपे त्या हंगामात पुन्हा उभी राहत नाहीत.

अगदी जवळून

सीतेच्या आसवांचे फूल सेंटीमीटरभराचे असते. ते मॅक्रो लेन्सने सेन्सरवर प्रत्यक्षाएवढे उमटवले, तर क्रॉप सेन्सरवर एफ/८ ला पट्टा अवघा ०.६ मिमीचा आणि एफ/१६ ला सव्वा मिलिमीटरच्या आसपास मिळतो. इतक्या जवळ गेल्यावर अ‍ॅपर्चर जवळजवळ हतबल होते आणि कॅमेऱ्याच्या कोनाला सर्वाधिक महत्त्व येते. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचे चित्र समोरून काढले तर डोळ्यापलीकडचे सगळे विरते. तेच बाजूने, सेन्सर पंखांना समांतर धरून काढले तर एफ/८ वरही पंखांवरची नक्षी टोकापासून टोकापर्यंत मिळू शकते. फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा रिंग स्थिर ठेवून स्वतःच श्वासाएवढे पुढे-मागे व्हावे आणि पाच-सहा चित्रे सलग काढावीत. त्यांतले एखादे नेमके बसते. स्थिर विषय असेल तर फोकस किंचित सरकवत काढलेली अनेक चित्रे एकत्र करण्याचे फोकस स्टॅकिंग हाही मार्ग आहे.

मोबाइलवर

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ साधारण ५ ते ७ मिमी असते, म्हणून एफ/१.८ लिहिलेले असले तरी छिद्र तीन-चार मिलिमीटरचेच असते आणि दोन-तीन मीटरवरचा माणूस व त्यामागचे बहुतेक सगळे स्पष्ट येते. निसर्गचित्राला आणि समूहाच्या चित्राला हा फायदाच आहे. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा लेन्सने केलेला नसतो. २०१६ च्या आयफोन ७ प्लसपासून ही सोय सर्वत्र पसरली आणि तिच्यात फोन कोणती वस्तू किती दूर आहे याचा अंदाज बांधून मागचा भाग नंतर धूसर करतो. सुटे केस, चष्म्याच्या काड्या, जाळीची ओढणी आणि बोटांमधल्या फटी या ठिकाणी तो अंदाज चुकतो. तेव्हा पोर्ट्रेट मोड वापरताना व्यक्तीच्या कडा सुटसुटीत दिसतील अशी पार्श्वभूमी निवडावी आणि चित्र काढल्याबरोबर केसांपाशी मोठे करून पाहावे. लेन्सचा अस्सल धूसरपणा हवा असेल तर साधा मोड ठेवून फूल, पणती किंवा अंगठी अशा लहान वस्तूच्या जितके जवळ फोन फोकस करू शकेल तितके जावे. काही फोन फार जवळ गेल्यावर आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात आणि पार्श्वभूमी पुन्हा स्पष्ट होते. सेटिंगमध्ये तो आपोआप होणारा बदल बंद करता येत असेल तर करावा.

घरी परतल्यावर चित्रे पाहताना प्रत्येक फसलेल्या चित्राची माहिती उघडून फोकल लेंग्थ आणि एफ आकडा वाचावा, अंतराचा अंदाज करावा, आणि फोकस नेमका कुठे बसला ते चित्र मोठे करून शोधावे. पुढचे गवत स्पष्ट आणि डोळा धूसर असेल तर फोकसची जागा चुकली. डोळा स्पष्ट आणि कान नको इतका धूसर असेल तर पट्टा कमी पडला. सगळेच सारखे मऊ असेल तर हात हलला किंवा छिद्र फार मिटले. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून कारण ओळखल्याशिवाय पुढच्या वेळी आकडा बदलू नये. मोजपट्टीचा अभ्यास लिहिलेल्या वहीतच ही नोंद ठेवावी, आणि लेन्स बदलली की त्या लेन्ससाठी पट्टीची मालिका नव्याने काढावी.